वाट्यांचा गोटा

पिवळा टॉवेल कपाटात नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत रुचिका तो शोधते आणि सापडला नाही की काही बोलत नाही.

काटकोन काढायला यंत्र लागत नाही. तीन, चार आणि पाच मापाच्या दोऱ्या पुरतात.

निळ्या पाटीवर लिहिलं आहे : जो कोणी या स्मारकाचे नुकसान करील, ते हलवील अथवा विद्रूप करील. पुढचं गंजानं खाल्लं आहे. शिक्षा नेमकी काय, ते कळत नाही.

"एकच का हो तुम्हाला?" शाळेच्या फाटकाशी बायका विचारतात. "घरी एकच," रुचिका सांगते.

काळी माती उन्हाळ्यात फाटते. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो आणि आत गार लागतं.

"झोपलं का लेकरू?" बसमधल्या बाईनं विचारलं. "हो," नत्थूजी म्हणाले.

अर्धी दाढी.

अर्धी दाढी झाली होती तेव्हाच भूपेंद्रला तो दगड आरशात दिसला. खालच्या मजल्यावरच्या मुकेशच्या सलूनमध्ये तो गळ्यापर्यंत चादर गुंडाळून बसला होता, हात चादरीच्या आत, मान मागे, एका गालावर साबण. मागच्या बाकावर बापूराव पेपर वाचत होते. तलाठी म्हणून निवृत्त झाल्यापासून ते पेपर इथेच येऊन वाचत, घरचा पेपर सूनबाई आधी घेते म्हणून. त्यांनी पेपर उभा धरला होता, त्यामुळे त्याची बाहेरची बाजू आरशात आली होती, आणि त्या बाजूला एक फोटो होता : मोठमोठ्या गोट्यांचं रिंगण, त्यावर ताणलेल्या पांढऱ्या दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या चौकोनात एक चपटा दगड. दगडाच्या पाठीवर वाट्यांसारखे खळगे. चार एका ओळीत आणि पाचवा बाजूला, डावीकडे. त्याला वाटलं, आपल्याकडे तो उजवीकडे आहे, म्हणजे हा दुसरा कुठला तरी असेल. त्यानं मान पुन्हा टेकवली. मग लक्षात आलं की आरशात सगळंच उलटं दिसतं, मथळ्याची अक्षरंसुद्धा, ती त्याला कधीची वाचता येत नव्हती ती म्हणूनच. चादरीच्या आत त्याचे हात एकदम वर आले.

"हलू नका न भाऊ, वस्तरा आहे हातात," मुकेश म्हणाला.

"तो पेपर."

"दाढी होऊ द्या, मग वाचा. बापूरावजी काही घेऊन पळून नाही राह्यले."

पळून गेला तो भूपेंद्रच. चादर ओढली, बापूरावांच्या हातातला पेपर घेतला, आणि "अबे ओ, माझं राशिभविष्य राह्यलं नं!" हे वाक्य पायरीपर्यंत मागं आलं. रस्त्यावर उभं राहून त्यानं बातमी वाचली. आर्वी तालुक्यातल्या धामणखेडच्या शिलावर्तुळात उत्खननाला सुरुवात. लोहयुगातली दफनं असण्याची शक्यता. अडीच हजार वर्षं. पुढे कुणा अधिकाऱ्यांनी समाधान व्यक्त केलं होतं. गालावरचा साबण वाळून ओढू लागला. त्यानं रुमालानं पुसला, आणि घरी न जाता, ऑफिसलाही फोन न करता, डेपोकडे चालू लागला. चालता चालता बापाला फोन लावला.

"बाबा, पेपरात आलं आहे..."

"फोनवर नको," नत्थूजी म्हणाले. "येजो."

आर्वीची बस अर्धी रिकामी होती. तो खिडकीपाशी बसला, मग उठून दुसऱ्या बाजूला बसला, कारण त्या दिवशी तो आणि बाबा बसच्या याच बाजूला बसले होते. त्या दिवशी जीपवाल्यानं नाही म्हटलं होतं. गाडीवर माताजीचा फोटो आहे, असलं काही नेत नाही, असं तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याला लाज वाटत होती हेही दिसत होतं, त्यामुळे त्याच्याशी भांडतासुद्धा आलं नाही. त्याची बायको रुचिका तेव्हा दवाखान्यात आत होती, शुद्धीवर येत होती आणि पुन्हा जात होती. बाळ रात्री जन्मलं आणि उजाडताना गेलं. सिस्टरनं ते पिवळ्या टॉवेलात गुंडाळून हातात दिलं, तेव्हा भूपेंद्रनं आधी त्याचं डोकं सांभाळलं, मान धरत नसते म्हणून, तसं त्याला सगळ्यांनी शिकवून ठेवलं होतं. बसमध्येही तो डोकं सांभाळतच बसला. ऊन आत येत होतं. कंडक्टरनं तिकिटं फाडता फाडता म्हटलं, "लेकराले ऊन लागून राह्यलं जी, झाका," आणि नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून खिडकीला धरला, धामणखेडच्या फाट्यापर्यंत तसाच धरून ठेवला, हात भरून आला तरी. समोरच्या बाईनं विचारलं, झोपलं का. तिनं टॉवेलाच्या कडेवरची बदकं बघितली आणि हसली. तिच्या त्या हसण्याचं काय करायचं हे भूपेंद्रला आजवर कळलेलं नव्हतं. ते कुठे ठेवण्यासारखं नव्हतं आणि फेकताही येत नव्हतं.

आज त्याच्या मांडीवर फक्त पेपर होता. बाहेर कापसाची शेतं मागं पळत होती, तुरी पिवळ्या झाल्या होत्या. शेजारी बसलेला माणूस त्याच्या गालाकडे बघत होता. एक गाल गुळगुळीत आणि एक काळा. भूपेंद्रनं काळ्या बाजूवर हात ठेवला. मोठं कुणी गेलं की दाढी-डोकं करतात, दहावा होतो, गाव जेवतं. एवढ्या लहान जिवाचं काही करत नाहीत. अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात आणि हात धुऊन घरी येतात. चार दिवसांनी तो बजाज चौकातल्या इंजिनिअरच्या ऑफिसात आपल्या टेबलाशी बसला होता आणि कुणाच्या तरी घराचा नकाशा काढत होता : हॉल, किचन, मास्टर बेडरूम, मुलांची खोली. मुलांची खोली दहा बाय दहा. ऑफिसात कुणाला कळलंच नाही असं नव्हतं. पण विचारायचं कसं हे कुणाला माहीत नव्हतं, आणि काही झालं आहे असं त्याच्या चेहऱ्यावर कुठे लिहिलेलंही नव्हतं.

दवाखान्यातून रुचिका काही दिवस गावी, त्याच्या आईजवळ राहिली. तिनं विचारलं होतं, एकदाच. "कुठे ठेवलं?" तो म्हणाला, शेतात. शेतात म्हणजे कुठे, हे तिनं पुढे विचारलं नाही. बायका जात नाहीत, त्यांना दाखवत नाहीत, ही रीतच होती. रीत होती म्हणून बरं, असं त्याला वाटलं होतं. नंतर काजल झाली, आता पहिलीत जाते, तिची वेणी, तिचा डबा, तिचे दात. "शेतात" या शब्दावर हळूहळू इतक्या गोष्टी येऊन पडल्या की तो शब्द आता खाली कुठे तरी दबून गेला असेल असं तो धरून चालला होता. आणि आज कुणी तरी वरून दोऱ्या ताणल्या होत्या.

खरं तर शेतात नव्हतंच. शेतात ठेवायला नत्थूजी तयार नव्हते. नाल्याच्या काठावर गाव लहान लेकरं ठेवत आलं होतं, पण नाला पुरात काठ खातो, आणि कुत्री असतात. शेतात ट्रॅक्टरचा नांगर गुडघ्याइतका खोल जातो. नत्थूजी बांधावर उभे राहून सगळीकडे बघत होते. घर बांधायला जागा बघतात तसे, असं भूपेंद्रला वाटलं होतं. मग ते गोटाळीकडे वळले. त्यांच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या हद्दीला, लागून असलेल्या त्या माळावर लहानमोठी दगडी रिंगणं होती, कुणी केली कुणाला ठाऊक नाही. गाव त्याला गोटाळी म्हणायचं आणि तिथे फक्त बकऱ्या चारायचं. तारेचं कुंपण, निळी पाटी, आणि कधी तरी आर्वीहून फटफटीवर येणारा एक चौकीदार. "इथं नांगर येत नाई," नत्थूजी म्हणाले. "जेसीबी येत नाई. कोनी घर बांधत नाई. सरकार राखते हे जागा." कुंपणाची तार त्यांनी पायानं दाबली आणि म्हणाले, "ये." रिंगणाच्या आत मुरूम निघाला, पांढरा, लोखंडी सब्बल लावल्यावर ठिणगी पडायची. भूपेंद्र बाळाला घेऊन उभा होता. नत्थूजींनी त्याच्याकडे बघितलं नाही, ते फक्त खणत होते, आणि खड्डा पुरेसा झाल्यावरही खणत राहिले.

फाट्यावर उतरून तो पायवाटेनं निघाला. गोटाळीत निळ्या ताडपत्रीचा मांडव दिसला, टोपल्या घेतलेल्या बायका, एक जीप. कुंपणाच्या बाहेर, आपल्या धुऱ्यावरच्या बाभळीखाली, नत्थूजी बसलेले होते. बाजूला पाण्याची कॅन. चेहऱ्यावरून वाटत होतं ते तिथे कालपासून बसले आहेत, आणि खरंच ते कालपासून बसले होते, फक्त जेवायला घरी गेले होते.

"काऊन रे," ते म्हणाले, "अर्धीच दाढी?"

"पेपर पाहिला आणि तसाच निघालो."

"हं." त्यांनी पाण्याची कॅन पुढे सरकवली. मग आवाज उतरवून म्हणाले, "जेल होते का रे? एवढे वर्स झाल्यावर?"

"कशाची जेल बाबा?"

"पाटीवर लिवलं हाय नं. नुकसान करनारा. तू वाचला नाई का?"

भूपेंद्रला हसू आलं. बाप दोन दिवस या एका गोष्टीचा विचार करत इथे बसला होता : पोराला जेल होईल का. स्वतःला होईल याची त्यांना फिकीर नव्हती, तेही बोलले. "मी सांगतो मीच केलं. तू होताच नाई. तू दवाखान्यात होता." त्यांनी सगळं ठरवून टाकलं होतं.

"पण ते नेमकं तिथंच काऊन सुरू केलं?" भूपेंद्र म्हणाला. नकळत तोही गावच्या बोलीत आला होता. "एवढे रिंगणं पडले हायेत."

"तुया गोट्यानं," नत्थूजी म्हणाले.

"माझ्या?"

"तो वाट्यायचा गोटा. तू ठेवला नं तिथं. त्यायले तोच आवडला."

तो बापाकडे बघत राहिला. तो दगड त्यानं पहिल्यांदा बघितला होता तो पुढच्या पेरणीच्या वेळी. कुंपणाबाहेरून बघितला, बरोबर त्या जागेवर, नीट बसवलेला, आणि त्याला वाटलं होतं : बाबांनी ठेवला. ते बोलले नाहीत म्हणून तोही बोलला नाही. दर खेपेला गावी आलं की तो धुऱ्यापर्यंत यायचा, दगड आहे ना ते बघायचा आणि परत जायचा. आपला बाप रडला नाही, त्यानं दगड आणून ठेवला, असं त्यानं मनात कुठे तरी लावून घेतलं होतं, आणि त्याचा त्याला आधार होता.

"मी नाही ठेवला बाबा. मला वाटलं तुम्ही."

"म्या?" नत्थूजी म्हणाले. "मले वाटलं तू ठेवला. म्हनून मी बोललो नाई कधी."

दोघंही कुंपणाच्या आत बघू लागले. आपण ज्याला बापाचं रडणं समजत होतो ते बापाचं नव्हतं, आणि त्याच्या लेखी जे आपलं होतं ते आपलं नव्हतं. मग ते कुणाचं? आत एक बाई टोपलं उलटं करून त्यावर बसली होती, तिनं भूपेंद्रला ओळखलं. गावातलीच मीराबाई. "काऊन जी भूपेंद्रभाऊ," ती ओरडली, "न्हाव्यासंग भांडन झालं का? अर्धी कोनासाठी ठेवली?" बाकीच्या बायका हसल्या. त्या हसण्याच्या आडूनच तो तार ओलांडून आत गेला. थांबला असता तर गेला नसता.

उत्खननाचं काम बघणारी मुलगी नागपूरच्या कुठल्या विद्यापीठाची होती, वेदश्री नावाची, डोक्याला ओढणी बांधलेली, गुडघे मातीनं पांढरे. इथला शेजारचा शेतकरी म्हणून त्यानं स्वतःची ओळख सांगितली आणि तिनं आनंदानं सगळं दाखवायला सुरुवात केली. गावातलं कुणी आपणहून बघायला आलं की तिला बरं वाटत असावं. तिच्या बोलण्यात फुशारकी नव्हती, त्यामुळे त्याला जास्तच त्रास होऊ लागला.

"हा बघा," ती चपट्या दगडाशी उकिडवी बसली. "हा या वर्तुळातला नाहीच. नाल्याजवळ एक मोडकं वर्तुळ आहे, तिथे याच मापाची जागा रिकामी आहे. म्हणजे कुणी तरी मुद्दाम, लोटत लोटत, इथवर आणलाय. कडेला नाही लावला, आत ठेवला. आणि वाट्या वर येतील असा. कुणासाठी तरी आणला असणार ना? कधी ते मात्र खाली गेल्यावरच कळेल."

वाट्यांमध्ये काही तरी पिवळट वाळलेलं होतं. त्यानं बोट लावलं. हळद.

"गावातल्या बायका पुजतात वाटतं," वेदश्री म्हणाली. "आम्ही नमुना घेतलाय."

गावातल्या बायका गोटाळीत पूजा करत नाहीत. इथे कुणीच पूजा करत नव्हतं, त्याच्या लहानपणापासून नाही. हळद त्याच्या बोटाला चिकटून राहिली. त्याला आई आठवली, कोकिळाबाई, दोन वर्षांमागे गेली ती. खरकट्या हातानं पाखरांना दाणे टाकायची. दुपारी सगळे झोपले की कुठे तरी जाऊन यायची, विचारलं तर म्हणायची, वांगे पाहून आली. त्याला ही आठवण आत्ता का आली हे कळलं नाही आणि मग कळू लागलं, तसं त्यानं ते थांबवलं, कारण दगडाच्या बाजूला मीराबाईनं खुरपं लावलं होतं.

"ताई," मीराबाई म्हणाली, "इथं माती भुसभुशीत हाय. बाकी मुरूम कसा टनक, इथं हात जाते."

वेदश्री चटकन वळली. "थांबा, थांबा. हळू. कशानं तरी उकरलेलं दिसतंय. घोरपडीचं बीळ असेल, नाही तर अलीकडचा खड्डा." तिनं ब्रश घेतला. ब्रशचे केस मातीवरून गेले, एकदा, दोनदा. तो आवाज त्याला दवाखान्यातला वाटला, पडदा सरकवतात तसा. त्याचे दोन्ही हात वर आले, तसेच, डोकं सांभाळायला येतात तसे, आणि रिकामे राहिले.

"तिथे माझं बाळ आहे," तो म्हणाला.

मीराबाईनं खुरपं हातातच ठेवलं, खाली टाकलं नाही. कुंपणाबाहेर नत्थूजी उभे राहिले होते, आणि इतक्या लांबून त्यांना ऐकू आलं असणं शक्य नव्हतं, पण त्यांनी हात वर केला आणि ओरडले, "मी केलं ते! त्यानं नाई! तो दवाखान्यात होता!"

वेदश्रीनं ब्रश बाजूला ठेवला. बायकांना म्हणाली, जा, चहा घेऊन या. मग ती तिथेच मुरमावर बसली आणि तिनं डोक्याची ओढणी सोडली. ती फार लहान होती. शेवटी तिनं विचारलं, "आईला माहीत आहे? म्हणजे, बाळाच्या आईला?"

"नाही."

"मग आधी त्यांना सांगा. मला वर कळवावं लागेल, ते मी लपवू शकत नाही. पण त्याआधी मला त्यांचं ऐकायचं आहे. तोवर इथे कुणी हात लावणार नाही."

फोन लावायला तो मांडवाच्या मागे गेला. रिंग वाजत होती आणि त्याला वाटत होतं की ती उचलू नये, आणि उचललाच तर काजलच्या डब्याबद्दल काही बोलावं. घरात आता ती भाजी चिरत असेल, पंखा चालू असेल. एवढ्या वर्षांत त्यानं हे वाक्य शंभर प्रकारे मनात तयार केलं होतं आणि त्यातला एकही प्रकार आता आठवत नव्हता.

"कुठे आहात?" रुचिका म्हणाली. "बापूराव दारात येऊन गेले. पेपर मागत होते. मुकेश म्हणतो, साहेब अर्ध्या दाढीनं पळाले."

"धामणखेडला. गोटाळीत."

पंख्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. तिनं बंद केला असावा.

"खणलं का?" तिनं विचारलं.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"खणलं का त्यांनी?"

"नाही. अजून नाही."

"वाट्यांचा गोटा हलवला?"

"नाही."

"हलवू देऊ नका. त्यांना म्हणावं, ज्यांचं आहे त्या येऊन राह्यल्या आहेत. आणि फाट्यावर थांबा, मला तिथून पुढची वाट नीट आठवत नाही. तेव्हा आम्ही दुसऱ्या बाजूनं गेलो होतो, नाल्याकडून."

"आम्ही म्हणजे? रुचिका, तुला कोणी सांगितलं?"

"आईंनी."

"कधी?"

"अहो, बस किती वाजता आहे ते सांगा," ती म्हणाली. "काजलला शेजारच्या लीनाकडे सोडून निघते."

त्यानं वेळ सांगितली. फोन ठेवल्यावर तो ताडपत्रीच्या निळ्या सावलीत उभा राहिला. सगळ्या बाजूंनी काही तरी सरकत होतं, आणि कशाला धरावं ते कळत नव्हतं. त्यानं तिच्यापासून जपून ठेवलेली एकमेव गोष्ट तिच्याचकडे होती. तो धुऱ्यावर येऊन दगड बघून परत जायचा, तेव्हा त्या वाट्यांत हळद कुणी घालत होतं? दिवाळीत कपाट आवरताना ती टॉवेल शोधत नव्हतीच कदाचित. ती जागा बघत असेल, टॉवेल जिथे नाही ती.

वेदश्रीला त्यानं रुचिकाचा निरोप सांगितला. तिनं दोऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाली, "आम्ही वर्तुळाचे चार भाग करतो. सगळे कधीच उकरत नाही. एक भाग तसाच ठेवायचा असतो, पुढे येणाऱ्यांसाठी, त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगली साधनं असतील म्हणून. तो कुठला ठेवायचा हे मी ठरवू शकते. वरचे काय म्हणतील ते मला माहीत नाही. आज तरी हा ठेवू."

दोऱ्या सरकवाव्या लागणार होत्या. मधल्या खुंटीपासून नवा काटकोन हवा होता. तिच्याबरोबरची पोरं चहाला गेली होती, म्हणून भूपेंद्रनं फीत धरली : तीन इकडे, चार तिकडे, आणि तिरपी पाच. कोन बरोबर आला. नत्थूजी आता आत आले होते, चपला तारेबाहेर काढून. त्यांनी खुंटी ठोकली. ठोकताना एकदाच थांबून म्हणाले, "म्हंजे जेल नाई?"

"सध्या तरी नाही, आजोबा," वेदश्री म्हणाली.

"मंग कोनं ठेवला तो गोटा?" ते भूपेंद्रकडे वळले. "तू नाई, मी नाई."

तो फाट्याकडे निघाला. बसची वेळ झाली होती.

फाट्यावर सावली नव्हती. आर्वीकडे जाणारा कापसाचा ट्रॅक्टर गेला, मागून कापूस उडत राहिला. तो इकडून तिकडे येरझारा घालत होता, काय विचारायचं ते ठरवत होता, आणि ठरलेलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मोडत होतं. बस आली. रुचिका उतरली, हातात कापडी पिशवी, त्यातून कुंकवाच्या डबीचा आवाज. तिनं त्याच्या गालाकडे बघितलं, आधी गुळगुळीत, मग काळ्या.

"असेच फिरलात दिवसभर?"

"हो."

"चला," ती म्हणाली, आणि वाट आठवत नाही म्हणाली होती तरी तीच पुढे चालू लागली.

तो गोटा कोकिळाबाई आणि रुचिका या दोघींनी नाल्यापासून लोटत आणला होता; रुचिकाच्या पोटावरचे टाके तेव्हा अजून ओले होते.